माझ्या गॅसवरचा प्रसाद

केमोच्या चौथ्या डोसच्या सकाळी मैत्रिणीने बाथरूमची कडी आतून लावली आणि सांगितलं, "मी येत नाही. डॉक्टरीणबाईंना कळवून टाका."

खाली रिक्षा उभी होती. साडेदहाला दवाखान्यात पोचायचं होतं. तिच्या उजव्या स्तनात लिंबाएवढी गाठ होती. आधी सहा डोस, मग ऑपरेशन, असं ठरलं होतं. पांढऱ्या पेशी उतरल्या म्हणून हा डोस दोन आठवडे लांबला होता. आता पेशी वर आल्या, तर ही आत जाऊन बसली. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, आता एक दिवसही घालवू नका, गाठ थांबून राहत नाही.

दाराबाहेर आम्ही दोघी होतो. मी, आणि शाळेतून निवृत्त झालेली एक शिक्षिका, तीही आमच्याच इमारतीतली. तिला हाच आजार सहा वर्षांपूर्वी होऊन गेला होता, त्यामुळे या बाबतीत तिचा शब्द शेवटचा. तिने दार ठोठावलं.

"उलटीची गोळी घेतलीस ना? मग चल."

"माझ्या पेशी का उतरल्या, ठाऊक आहे?" आतून आवाज आला. "लाडवांमुळे."

हे लाडवांचं सांगायला हवं. पहिल्या डोसनंतर तिचे केस हातात यायला लागले, तेव्हा मी न्हाव्याला घरी आणून डोकं साफ करून घेतलं. मुलीचं लग्न ठरत होतं, म्हणून आजार आम्हा दोघींखेरीज इमारतीत कोणाला कळू द्यायचा नाही असा तिचा हट्ट. चेन्नईच्या वेस्ट मांबलममध्ये ते अवघड नाही. इथं बाईचं मुंडण बघून कोणी दचकत नाही, एवढंच विचारतात, तिरुपती की पळनी? ती तिरुपती म्हणाली, डोक्याला चंदन फासलं आणि जिना उतरली. तळमजल्यावरच्या मामींनी लगेच हात पुढे केला. "लाडू?"

तिरुपतीला जाऊन लाडू आणला नाही असं या गावात चालत नाही. आम्हा तिघींपैकी एकीलाही ते सुचलं नव्हतं. "उद्या देते" म्हणून ती माझ्याकडे आली. मी चौथीपर्यंत शिकले, पण बुंदी पाडता येते. काजू, खडीसाखर, वेलदोडा आणि खायचा कापूर घातला. कापूर जरा जास्त पडला. पंचवीस लाडू वळले आणि मजल्यामजल्यावर वाटले. मामींनी लाडू डोळ्यांना लावला, मगच मोडला. पंधरा दिवसांत त्यांच्या नातीला श्रीपेरुंबुदूरच्या कारखान्यात नोकरी लागली. कंपनीची बस नातीला न्यायला आली की मामी गेटपाशी उभं राहून सांगायच्या, प्रसाद पावला. दुसऱ्या मजल्यावरच्या सुनेने अर्धा लाडू फ्रिजमध्ये जपून ठेवला होता, दिवस जावेत म्हणून.

"देवाचं नाव घेऊन लोकांना फसवलं," मैत्रीण आतून म्हणाली. "आधी तिरुपतीला जाऊन केस देते, मग डोस."

"कुठले केस?" मी विचारलं.

आत ती रडायला लागली.

शिक्षिका म्हणाली, "अगं, पेशी औषधाने उतरतात. माझ्याही उतरल्या होत्या. मी विग लावत होते. देव काय विगवर रागावला होता?"

"तू विग देवाच्या नावावर खपवला नव्हतास."

माझा अंबाडा सत्तरीतही बऱ्यापैकी होता. म्हटलं, "माझे केस देते. तू दवाखान्यात जा, मी आत्ता बस पकडते."

"अक्का, दुसऱ्याचे चालतात?"

आम्हाला काय ठाऊक. इमारतीत असल्या गोष्टी एकाच बाईला माहीत, त्या मामींना. आतलीच म्हणाली, "मामींना विचारा. त्या हो म्हणाल्या तर उघडते."

म्हणजे जिच्यापासून तीन महिने लपवलं, तिलाच वर आणायचं. मी खाली जाऊन मामींना सगळं सांगितलं, गाठ, डोस, न्हावी, माझा गॅस. मामी धापा टाकत वर आल्या आणि खुर्ची मागवून बाथरूमसमोर बसल्या.

"कापूर जास्त होता," त्या तमिळमध्ये म्हणाल्या. "आणि तिरुपतीला केस देतात, भुवया देत नाहीत. मला केव्हाच कळलं होतं."

"मग प्रसाद पावला असं गावभर का सांगत होतात?" शिक्षिकेने विचारलं.

"तुम्ही देवाचं नाव घेऊन दिलात, मी देवाचं नाव घेऊन खाल्ला. पोरीला नोकरी लागली. आता काय ती परत करू?"

"मामी," आतून आवाज आला, "दुसऱ्याचे केस चालतात?"

"घरच्यांचे चालतात."

"मी घरची नाही," मी म्हटलं. आणखी एक खोटं मला नको होतं.

मामींनी माझ्याकडे पाहिलं. "रोज सकाळी हिच्याकडे कॉफी पितेस. आणखी काय, रेशनकार्डावर नाव पाहिजे?"

कडी निघाली. तिचं नाक वाहत होतं, चंदन कपाळावर ओघळलं होतं. शिक्षिकेने तिचं तोंड पुसलं आणि तिला रिक्षात घातलं. मी पिशवीत एक लुगडं टाकून बसस्टँड गाठला.

तिरुपतीला न्हाव्याने माझं डोकं कणीस सोलावं तसं पटकन मोकळं केलं. मला काही वाटलं नाही, फक्त पंख्याचा वारा फार गार लागला. दुसऱ्या दिवशी खरे लाडू घेऊन परतले. मामींनी एक खाल्ला आणि म्हणाल्या, "तुझा जास्त मऊ होता."

पाचवा आणि सहावा डोस वेळेवर झाला. डॉक्टरीणबाई म्हणतात, पेशी वाढवायच्या इंजेक्शनने टिकल्या. मैत्रीण म्हणते, माझ्या केसांनी. मी वाद घालत नाही. ऑपरेशन झालं, त्यानंतर मुलीचं लग्नही झालं.

शिक्षिकेचा आजार दोन वर्षांनी हाडांत परत आला. तिने एकही डोस चुकवला नाही, बाथरूममध्ये जाऊन बसली नाही. आम्ही दोघी आळीपाळीने तिच्याबरोबर जात होतो. ती गेली. कडी लावून बसलेली जगली.