हेलाच्या मागोमाग

गेझिनेमावशीने जर्मनीतल्या हार्त्सच्या डोंगरात एकतीस वर्षं टपाल वाटलं. निवृत्त झाल्यावर ती जखमी हरणांचा माग काढू लागली. कुणाची गोळी वेडीवाकडी लागून हरिण पसार झालं की लोक तिला आणि तिच्या कुत्रीला बोलावत. मी शेजारी, म्हणून गाडी माझी.

पहिली कुत्री आस्टा. एकदा ती माग सोडून चढणीला लागली. जखमी हरिण उताराला जातं, असं सगळेच सांगत. मावशीने तिला ओढून माघारी आणलं. तीन दिवसांनी डोमकावळे घिरट्या घालू लागले. हरिण वरच मरून पडलं होतं. मावशी आस्टासमोर गुडघे टेकून म्हणाली, "चुकले गं बाई." त्यानंतर तिने कुठल्याच कुत्रीशी वाद घातला नाही, आस्टानंतर आलेल्या हेलाशीही नाही.

गेल्या ऑक्टोबरात लाकूडगिरणीवाल्या फोल्कमारचा सकाळीच फोन आला. आदल्या संध्याकाळी त्याने एका नर हरणावर गोळी झाडली होती. लगेच मागे लागलं की जखमी जनावर लांब पळतं; ते रात्रभर शांत पडू द्यायचं, म्हणून तो थांबला होता. जागेवर चार केस सापडले, रक्त नाही.

"गोळी घासून गेली असेल, मावशी."

"ते हेला सांगेल."

धुकं इतकं दाट होतं की लांब पट्ट्याच्या टोकाला हेला दिसेनाशी व्हायची. पट्टा तेवढा हलायचा, आणि आम्ही त्याच्यामागे झोपेत चालल्यासारखे चालत होतो. बीचच्या झाडांची ओली पानं पायांखाली आवाजही करत नव्हती. दूर कुठेतरी दुसरा नर हंबरला. वाटलं, तो आवाज जमिनीतूनच आला. हेलाने ओढा ओलांडला, कळपाच्या ताज्या खुणांकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

तीन तास झाले. फोल्कमार कुरकुरला, "भरकटलीय ही."

"मग जा घरी. जाताना तोंड मिटून जा, तुझा वास हरणाकडे जातो."

तो गेला नाही.

स्प्रूसच्या दाट झाडीपाशी हेला थबकली. नेच्यांत नर बसला होता, जिवंत. श्वासाची वाफ धुक्यात मिसळत होती. मागचा पाय मोडलेला. त्याने आमच्याकडे पाहिलं, घाई न करता, जणू आम्ही यायचेच होतो. मावशीने बंदूक उचलली. एकच आवाज झाला.

ती बराच वेळ त्याच्या मानेवर हात ठेवून बसली. "रात्रभर दुखलं असेल रे," एवढंच म्हणाली.

फोल्कमारने टोपी काढली. मावशीने शिकारीच्या रिवाजाप्रमाणे स्प्रूसची डहाळी मोडून त्याला दिली. थोडी त्याने हेलाच्या गळपट्ट्यात आणि उरलेली मानाची म्हणून स्वतःच्या टोपीत खोचायची असते. त्याने सगळीच खोचली.

"माझी काही कमाई नाही यात," तो म्हणाला. "मी तर तिला भरकटलेली म्हटलं."

"सगळेच म्हणतात," मावशी म्हणाली. "मीही म्हटलं होतं."

परतताना मावशी मागच्या सीटवर झोपून गेली, हेलाचं ओलं डोकं मांडीवर घेऊन. मी गाडी सावकाश हाकली. धुक्यातून गावातली घरं एकेक करून वर येत होती.