समस्या कोनाची?

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मी आदिलाबाद जिल्ह्यातल्या तलमडुगूकडच्या एका गावात शाळेची पाहणी केली आणि ‘पालक शिक्षणाबाबत उदासीन’ असं लिहून दिलं. शाळेच्या कॅलेंडरात त्या दिवशी सुट्टी नव्हती, हे खरं. पण आमच्या भागातल्या मराठी घरांतली पोरं पोळ्याच्या करीला शाळेत जात नाहीत, हे माझ्या आजीलाही माहीत होतं. मी समाजशास्त्राचा प्राध्यापक, म्हणून मला माहीत नव्हतं.

गुरुजी रजेवर, पोरं तीन. हजर होती ती पोरांचं दुपारचं जेवण रांधणारी बाई. कमरेवर हात ठेवून तिनं विचारलं, “काय लिवून राह्यले, सर?”

“गावातल्या सामाजिक समस्या.”

“समस्या कोनाची?”

हे तिचं पालुपदच होतं, ते मला पुढे कळलं. सरपंच म्हणायचे, नळाची समस्या आहे. ती म्हणायची, “कोनाची? तुमच्या घरी त बोअर हाय.” त्या दिवशी मी मात्र हसलो आणि ‘निरक्षरता’ हाही रकाना भरून टाकला.

महिन्याभरात माझ्या अहवालाच्या आधारे गावात शिक्षण खात्याचं पत्र आलं. पोरं येत नाहीत, तेव्हा शाळा बंद करून ती ओढ्यापलीकडच्या शाळेला जोडावी.

दुसऱ्या दिवशी मी आदिलाबादच्या कॉलेजात नेमका तोच धडा शिकवत होतो. “कुठलीही गोष्ट आपोआप सामाजिक समस्या होत नाही,” मी रंगात आलो होतो. “ज्याच्या शब्दाला वजन, तो तिला समस्या ठरवतो. म्हणून आधी विचारा, कोण म्हणतंय?”

“मी तेच विचाराले आली,” दारातून आवाज आला. ती पहिल्याच बसनं आली होती. “आमच्या गावाले उदासीन कोन म्हनलं?”

अख्खा वर्ग माझ्याकडे बघू लागला.

“मी,” मी म्हणालो.

“काऊन?”

“पोरं नव्हती.”

“कर होती, सर! तुमच्या घरी बैल नाही, त सनबी नाही का?”

पोरं खिदळली. मी घसा खाकरून म्हणालो, “बाई, अहवाल वर गेला. आता बदलता येत नाही.”

“वर गेला त खाली बोलवा. पयलीतलं पोट्टं पावसात वढा कसं वलांडन?” आणि ती पहिल्या बाकावर बसली. “लिवा. मी उठत नाही.”

लिहिलं. ‘माझी पाहणी चुकीच्या दिवशी झाली, निष्कर्ष चुकीचा आहे.’ तिनं वर्गातल्या पोरांकडून साक्षीच्या सह्या घेतल्या आणि मला पुढे घालून मंडल ऑफिसात नेलं. तिथला कारकून सांगू लागला, “अम्मा, खेड्यांची समस्या अशी असते...”

“कोनाची?” तिनं विचारलं, आणि त्यानं हात पुढे करून कागद घेतला.

पुन्हा पाहणी झाली. त्या दिवशी गावानं कडेवरची लेकरंसुद्धा वर्गात आणून बसवली. शाळा राहिली.

पुढे मी दरवर्षी माझे विद्यार्थी तिच्याकडे न्यायचो. शिकवायची ती, पगार घ्यायचो मी.

गेल्या उन्हाळ्यात ती गेली. शाळा उघडल्यावर मी भेटायला गेलो, तर चुलीपाशी तिची सून होती. बोलता बोलता सवयीनं माझा हात खिशातल्या पेनाकडे गेला. सुनेनं पुढ्यात ताट ठेवलं.

“आत्याबाई सांगून गेल्या,” ती म्हणाली. “त्या सरले पोट्ट्यायच्या पंगतीत बसवजो, पोटभर जेवू घालजो. मानूस वाईट नाही. पन त्याच्या हाती कागद देजो नोको.”