परीक्षावाल्या काकू

आमच्या पिपरी मेघेच्या वाचनालयात पुस्तक परत करणं सोपं नव्हतं. ग्रंथपाल काकू आधी त्यातला एक प्रश्न विचारत. उत्तर आलं नाही, तर तेच पुस्तक पुन्हा तुमच्या नावावर. एका निवृत्त मुख्याध्यापकांना त्यांनी एकच कादंबरी चार वेळा न्यायला लावली. वर ऐकवलं, "सर, पोरायले नापास करत होते ना? आता पाहा कसं वाटते." सगळे त्यांना परीक्षावाल्या काकू म्हणत.

मी तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा होतो. साखरपुड्यानंतर पाच महिन्यांनी मुलीने लग्नाला नकार दिला. तिचं मन दुसरीकडे होतं. दोष कुणाचाच नव्हता. पण मला ती फार आवडली होती. माझं जेवण सुटलं, आठ किलो वजन उतरलं. आई रोज ताट वाढायची आणि झाकून ठेवायची. लोकांची कीव चुकवायला मी कामावरून सुटलो की वाचनालयात बसू लागलो.

पहिलं पुस्तक मी दोन दिवसांत परत केलं. तीनशे बारा पानं, असा आकडाही सांगितला.

"नायकाच्या बहिणीचं नाव सांग."

मला आठवेना.

"पानं मोजली तू, वाचलं काईच नाई. घेऊन जाय."

दुसऱ्यांदाही नापास झालो. तेव्हा काकूंनी स्वतःचाच नियम मोडला. एका बुडत्या सर्कशीवरची जाडजूड कादंबरी पुढे ठेवली आणि बजावलं, "हे घरी न्याचं नाई. इथंच, माह्यासमोर वाच."

रोज वीस पानं वाचत गेलो. आठव्या दिवशी सर्कशीतलं गाढव पाहुण्या मंत्र्यांचा फेटा खातं, तिथे मी मोठ्याने हसलो. वर्तमानपत्रांमागून चार डोकी वर आली.

काकू टेबलावरूनच म्हणाल्या, "एकशे बेचाळीस?"

पान पाहिलं. बरोबर होतं.

"काकू, तुमाले कसं समजलं?"

"नवरा सोडून गेलता, तवा मी बी त्याच पानावर हासली. त्याच्या आधी वर्षभर नाई." आणि लगेच दटावलं, "आता दात काढत बसू नको. घरी जाय, माय वाट पाहत असन."

पुढे काकू निवृत्त होऊन हिंगणघाटला लेकीकडे गेल्या. माझ्या घरात आज एकशे चौसष्ट पुस्तकं आहेत, सगळी वाचलेली. पण काकूंचा विषय निघाला की मला ती संध्याकाळच आठवते. घरी जाऊन मी आईला म्हणालो, "भूक लागली." तिने चार पोळ्या करून ठेवल्या होत्या. आणखी दोन लाटाव्या लागल्या.