जिरली का न्हाई?

सावेडीतला आमचा औषधदुकानदार कुठलीही क्रीम आधी स्वतःच्या मनगटावर चोळतो आणि गिऱ्हाइकाला विचारतो, "जिरली का न्हाई?" कॉलेजच्या पोरी हसतात, "कुणाची, काका?"

लेक बाळंतपणाला आली होती. तिच्या पोटाला खाज सुटायची, म्हणून आम्ही दोघं क्रीम घ्यायला गेलो. त्यानं चोळून नेहमीचंच विचारलं. लेक म्हणाली, "काका, जिरते तर बाळापर्यंत जाते का?"

त्याचं बोट थांबलं. "मला न्हाई ठाऊक, ताई." त्यानं लगेच तिच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, सध्या साधं खोबरेल लावा आणि उद्या दाखवायला या.

साडेचारशेची क्रीम त्यानं कपाटात ठेवली. खोबरेल त्याच्याकडे संपलं होतं. लेकीला सांभाळून पायऱ्या उतरवत तो आम्हाला शेजारच्या किराणा दुकानात घेऊन गेला. खोबरेलाचे साठ रुपये मी तिथल्या वाण्याला दिले.