गणपत मेस्त्री आणि दोन टर्बोंची गाडी

तळेऱ्याच्या नाक्यावर जुनी गाडी घेणारा माणूस कागदपत्रं नंतर बघतो, आधी गणपत मेस्त्रीला विचारतो. मेस्त्री बोनेट उघडायला लावतो, इंजिन चालू करायला लावतो आणि डोळे मिटून उभा राहतो. मग "घे" म्हणतो, नाहीतर "नको". तिसरा शब्द त्याच्याकडे नाही. चाळीस वर्षं ट्रक, टेम्पो आणि विजयदुर्गच्या ट्रॉलरांची इंजिनं उघडून झाली, आणि एवढ्या वर्षांत त्याचा शब्द खोटा ठरल्याचं कोणाला आठवत नाही. त्याची बायको मथुरा म्हणते, "ह्यांका माणसाचा बोलणा आयकाक येणा नाय, इंजिनाचा बरोबर येता." ते काही खोटं नाही.

दीड वर्षापूर्वी मिठबावच्या हरिश्चंद्राचा मुलगा सिद्धेश त्याच्याकडे एक गाडी घेऊन आला. सिद्धेश कोल्हापूरला फाउंड्रीत इंजिनिअर. सहा वर्षं पोटाला चिमटा काढून त्याने जुनी स्पोर्ट्‌स कार पसंत केली होती. व्यवहार मात्र मेस्त्रीच्या शब्दावर अडवून ठेवला होता. गाडी इतकी बुटकी, की नाक्यावरच्या गतिरोधकावरून ती तिरकी काढताना अख्खा रिक्षा स्टँड गोळा झाला. कोणीतरी विचारलंही, "हिका पाय फुटाचे आसत काय रे अजून?"

मेस्त्री हसला नाही. त्याने बोनेटखाली डोकं घातलं. तीन लिटरचं इंजिन, ओळीत सहा सिलिंडर, चारशे घोड्यांची ताकद, आणि बाजूला नारळाच्या करवंट्यांएवढे दोन टर्बो, धुराच्या जोरावर फिरून इंजिनात हवा कोंबणारे. एक टर्बो त्याने ट्रकात शेकडो वेळा हाताळला होता. दोन पहिल्यांदाच बघत होता. सिद्धेश सांगत होता, टर्बोचा दांडा मिनिटाला दीड लाख फेरे घेतो, धुराच्या बाजूचं चाक तापून लाल होतं.

"आणि ह्या सगळ्याक सांभाळता कोण?" मेस्त्रीने विचारलं.

"तेल."

"मगे तेलाक सांभाळ. वेळेवर बदल. दामटवलेली गाडी लगेच बंद करू नको, दोन मिनिटां चालू ठेव, तेल फिरत रवांदे. तसा केलंस तर धा वर्सां ह्या इंजिनाक हात लावची गरज नाय. घे."

सिद्धेशने गाडी घेतली.

दहा वर्षं राहिली बाजूला, सव्वा वर्षातच सायलेन्सरमधून निळा धूर निघाला. कोल्हापूरच्या वर्कशॉपने दोन्ही टर्बो बदलले. जुने दोन्ही गोणपाटात गुंडाळून सिद्धेश एका रविवारी दुपारी गॅरेजवर आला. रागावला नव्हता. रागावला असता तर मेस्त्रीला बरं वाटलं असतं.

"मेस्त्रीनू, गाडी इकतंय. मंगळवारी पुण्याचो माणूस बघूक येतलो. बाबा म्हणतत, अशा इंजिनाचो भरवसो नाय."

मेस्त्रीला जेवण गेलं नाही. पोराने सहा वर्षं आपल्या एका शब्दावर लावली होती. त्याने दोन्ही टर्बो उघडून बाकावर मांडले. दांड्याच्या बेअरिंगवर काळं, कडक कीट बसलं होतं, दुधाच्या टोपाच्या तळाला लागतं तसं. तेल जागच्या जागी करपलं होतं.

"तापलेली गाडी बंद केलंस तू."

"देवाशपथ नाय. घराकडे पोचलंय काय घड्याळ लावन दोन मिनिटां थांबतंय. कामावर पण."

पोरगा खोटं बोलत नव्हता. मेस्त्रीने हात पुसले. "चल. कोल्हापूरची नेहमीची वाट धर. जशी रोज चालवतंस तशीच चालव."

वैभववाडी सुटली आणि घाट सुरू झाला. सिद्धेशने पाय दाबला तशी गाडीने मेस्त्रीला पाठीमागे सीटवर चेपलं. वळण संपलं की पुन्हा दाब, पुन्हा तो शिट्टीसारखा बारीक आवाज. काळजी बाजूला राहिली आणि मेस्त्रीला पोरासारखा आनंद झाला. असलं इंजिन घडवणाऱ्याचे हात कुठेतरी असतील, त्यांना त्याने मनातल्या मनात नमस्कार केला.

घाटमाथ्यावर रस्त्याकडेला राखणदाराची, म्हणजे घाट राखणाऱ्या देवाची, छोटी घुमटी आहे. सिद्धेशने गाडी तिच्यासमोर थांबवली, बंद केली आणि हात जोडले. मेस्त्रीनेही जोडले. घाट चढून आलेली गाडी राखणदारासमोर चालू ठेवायची नाही. जो आपल्याला वर आणतो त्याच्या तोंडावर धूर सोडणं बरं नव्हे. गॅरेजमधून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक ड्रायव्हरला मेस्त्री हे बजावतो. सिद्धेशलाही गाडी घेतली त्याच दिवशी बजावलं होतं. मेस्त्रीच्या हातचे ट्रक घाट रांगतच चढायचे; त्यांना या रीतीने कधी काही झालं नाही.

डोळे मिटलेले असताना मेस्त्रीला बोनेटखालून टिक, टिक असा आवाज आला. तापलेलं लोखंड आकसत होतं. तेल थांबलं होतं.

त्याने डोळे उघडले.

"हयसर दर वेळेक बंद करतंस?"

"करतंय तर. तुमीच सांगलात ना? हयसर थांबणा म्हणजे काय थांबणा न्हय, नमस्कार."

पोराच्या अजूनही ध्यानात आलं नव्हतं. असली नाजूक इंजिनं आपल्या घाटांसाठी नाहीत, एवढं एक वाक्य पुरलं असतं. पोराने मान डोलावली असती, मंगळवारी गाडी गेली असती आणि तळेऱ्याच्या नाक्यावर मेस्त्रीचा शब्द होता तसा राहिला असता. ते वाक्य त्याच्या जिभेवर आलंही. त्याची त्याला लाज वाटली.

"गाडी चालू कर," तो म्हणाला.

"देवासमोर?"

"चालू कर आणि खाली उतर."

इंजिन मंद घुमायला लागलं. मेस्त्री चपला काढून घुमटीपुढे उभा राहिला आणि त्याने गाऱ्हाणं सुरू केलं. गाऱ्हाण्यात एकाने देवाला सांगायचं आणि बरोबरच्याने दर वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणायचं असतं. सिद्धेश शेजारी येऊन उभा राहिला.

"बा राखणदारा, हो मिठबावच्या हरिश्चंद्राचो झील तुझ्या पायाशी उभो आसा, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा."

"तेच्या इंजिनात खोट नाय, तेच्या हातात खोट नाय, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा."

"तापलेली गाडी तुझ्यासमोर बंद करूक लावन तेचे दोनय टर्बो जाळले ते ह्या गणपत मेस्त्रीन. चूक मेस्त्रीची, म्हाराजा!"

सिद्धेश गाडीकडे बघत राहिला. मग त्याच्या लक्षात आलं, आणि त्याची मान खाली गेली.

"म्हण रे," मेस्त्री म्हणाला.

"मेस्त्रीनू, ह्या माझ्या तोंडातसून येवचा नाय."

"तू म्हटलंस नाय तर गाऱ्हाणा पुरा होणा नाय. आणि मंगळवारी तू गाडी इकशीत." मेस्त्रीचे हात जोडलेलेच होते, डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसायला तो हात सोडत नव्हता. "म्हण बाबा."

मागे इंजिन एकसारखं चालू होतं. सिद्धेशने हात जोडले आणि तो म्हणाला, "व्हय म्हाराजा."