कोऱ्या कापडाची बाही

मी शिंपी नव्हे. आमची शेती. पण कारंजाहून एक जुनं हातमशीन आणलं आणि एक फाटका शर्ट उसवून, त्याचे तुकडे जमिनीवर मांडून मी शिवायला शिकलो. गावाने माझी यथेच्छ टर उडवली. मला फिकीर नव्हती. घरच्यांचे शर्ट मीच शिवायचो आणि कॉलर नीट बसली की दिवसभर मिशीत हसायचो.

धाकट्या भावाच्या डाव्या मनगटावर कोड होतं, रुपयाएवढं. त्या डागाचा अंगाला काहीच त्रास नसतो, त्रास लोकांचा. तेवढ्यावरून दोन ठिकाणी त्याचं लग्न फिसकटलं. चारचौघांत तो डावा हात पाठीमागे धरून उभा राहायचा, ते मला बघवत नसे. तिसरं स्थळ केनवडचं आलं, तेव्हा आम्ही मध्यस्थालाही डागाचं सांगितलं नाही. लपवाछपवी होती, कबूल.

"तुले पुऱ्या बाहीचा शर्ट शिवून देतो," मी भावाला म्हणालो. तो कितीतरी दिवसांनी हसला.

लढाईचे दिवस, कापड रेशनच्या चिठ्ठीवर. एका शर्टापुरतं मांजरपाट मिळालं, इंचभरही जास्त नाही. असलं खळीचं कापड पहिल्या पाण्यात आटतं, म्हणून ते आधी भिजवायचं, वाळवायचं, मग कात्री लावायची. हे मला चांगलं ठाऊक होतं. मी ते बादलीत घालणार तोच आई आडवी आली.

"शुभ कामाच्या कापडाले आधी पानी लावते काय कोनी? कोरंच पायजे."

मी ऐकलं. खरं सांगायचं तर मलाच घाई झाली होती, आईचं निमित्त झालं. बाही मनगटाच्या हाडापर्यंत बेतली. डाग बरोबर झाकला गेला.

केनवडच्या अलीकडे नाल्यात बैलगाडीचं चाक रुतलं. भाऊ ढकलायला उतरू लागला.

"शर्ट काढून ठेव," मी म्हणालो.

त्याने शेजारी बसलेल्या मध्यस्थाकडे पाहिलं आणि शर्टासकट कमरेभर पाण्यात शिरला. चाक निघेपर्यंत शर्ट बाह्यांसकट चिंब झाला. पुढे ऊन कडक होतं. शर्ट अंगावरच वाळत गेला आणि बाही वर वर सरकत गेली. मी वेड्यासारखा ती खाली ओढत होतो. बगलेतली शिवण तडकली, बाही काही उतरेना. गाडी मागे वळवावी असं मनात आलं, पण मध्यस्थाला सांगणार काय?

मुलीच्या घरी चहा आला. भावाच्या उजव्या हातात कप, डाव्या हातात बशी. मुलीच्या बापाची नजर बशीवरून मनगटावर गेली आणि तिथेच थांबली. मग तो आवाज न चढवता म्हणाला, "कळवतो तुमाले."

भावाने चहा पुरा प्यायला. मला तिथल्या तिथे जमिनीत गाडून घ्यावंसं वाटलं.

निरोप आलाच नाही. त्यानंतर तो कोणतंही स्थळ बघायला तयार झाला नाही. आईने रडून पाहिलं, मी पाया पडलो. पुढल्या वर्षी पुन्हा कापड मिळालं. मी ते दोन दिवस भिजवलं, वाळवलं आणि पट्टी घेऊन त्याच्यासमोर उभा राहिलो.

"हात पुढं कर. यंदा बाही लांब ठेवतो."

"अर्ध्या बाहीचाच शिव, भाऊ," तो म्हणाला. "आता कोनापासून लपवाचं हाय?"