सात पन्नासची बस

चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून फ्रेममध्ये काचा बसवणाऱ्या मावशींना नाटकाचं भारी वेड. चौदा वर्षांत त्यांनी साठ-सत्तर नाटकं तरी पाहिली असतील, आणि त्यातल्या एकाचाही शेवट त्यांना ठाऊक नव्हता. नाट्यगृह गावाबाहेर, टेकडीवर. प्रयोग संपायचा साडेआठला आणि गावात परतणारी शेवटची बस सुटायची सात पन्नासला. रिक्षावाले तिकडे फिरकत नसत. तेव्हा मावशी शेवटच्या रांगेतली कडेची खुर्ची धरायच्या, आणि नायकाच्या गळ्याशी सुरी आली रे आली की चपला पायात सरकवून, मान खाली घालून बाहेर.

बसमध्ये ड्रायव्हरच्या मागची जागा त्यांची ठरलेली. तिथे बसून त्या झालेलं नाटक सांगायच्या आणि उरलेलं दोघं मिळून जुळवायची. ड्रायव्हर मऊ मनाचा. त्याच्या शेवटात कोणी मरत नसे. मावशी कडक, त्यांना एक तरी माणूस तुरुंगात गेलेला लागायचा. उतरेपर्यंत घासाघीस होऊन शेवट पक्का व्हायचा, आणि शेजारणीकडे वाट बघत बसलेल्या छोट्या लेकीला तो जसाच्या तसा ऐकवला जायचा.

गाडीचा इलाजही करून झाला होता. थोरल्या भावाने गाडी घेतली तेव्हा तो मोठ्या तोऱ्यात त्यांना नाटकाला घेऊन गेला. पावणेआठला त्याने कोपराने ढोसलं, "चल, ऊठ. नंतर पार्किंगमधून निघायला तास लागतो."

"अरे, पण शेवट?"

"शेवट काय, कोणीतरी मरतं नाहीतर लग्न होतं."

बाहेर येऊन बघतात तर निम्मं नाट्यगृह शेवटावर पाणी सोडून पार्किंगमध्ये हॉर्न वाजवत उभं. त्या दिवसापासून मावशींनी गाडीवाल्यांचा हेवा करणं सोडलं. बसला निदान हॉर्न कमी होता.

असं सगळं सुरळीत चाललेलं, आणि लेकीचा फोन आला. ती आता मोठी झाली होती, परगावी राहायची, एका नाटक मंडळीत होती. त्यांचा दौरा या गावात यायचा होता आणि तिला पहिल्यांदाच काम मिळालं होतं.

"आई, एकाच प्रवेशात आहे मी. अगदी शेवटच्या. सव्वाआठला." मग हळूच, "बघ, जमलं तर."

ते 'जमलं तर' मावशींच्या जिव्हारी लागलं. त्यांनी कोणाला न सांगता ठरवून टाकलं: शेवटपर्यंत बसायचं आणि सात किलोमीटर चालत यायचं. रस्त्याला फुटपाथ नाही, ट्रक अंगावर आल्यासारखे जातात आणि डावा गुडघा जिना चढतानाच कुरकुरतो, हे सगळं माहीत असून. प्रयोगाच्या दिवशी पिशवीत टॉर्च, गुडघ्याचा पट्टा आणि जुने बूट घेऊन त्या निघाल्या. पहिला अंक त्यांच्या डोळ्यांसमोर झाला खरा, पण डोक्यात ट्रकच होते.

मध्यंतरात त्या बसथांब्यावर गेल्या. त्यांना उशीर झाला तर ड्रायव्हर दोन मिनिटं थांबायचा, उगाच खोळंबायला नको.

"आज माझी वाट बघू नका. मी शेवट बघणार आहे. चालत येईन."

ड्रायव्हरने चहाचा कप खाली ठेवला. "चालत? कशाला? आठ पन्नासची डेपोची गाडी आहे की."

"कुठली डेपोची?"

"ती काय, मागच्या दाराशी उभी आहे. झाडूवाल्या, लाइटवाले, सगळे तिच्यातनंच जातात. तिकीटही नेहमीचंच. आणि डेपो तर तुमच्या गल्लीच्या तोंडाशी."

पाटी नसलेली, दिवे बंद केलेली ती बस मावशींनी चौदा वर्षं पाहिली होती. "पण थांब्यावर शेवटची सात पन्नास लिहिलंय..."

"डेपोत जाणाऱ्या गाडीचं कोण लिहितं, मावशी?"

चिठ्ठीवर लिहिलेला काचेचा नंबर म्हणजे नंबर, त्यात आपण शंका काढायची नाही, ही मावशींची दुकानातली शिस्त. तीच नडली होती. "आणि तुम्ही इतकी वर्षं गप्प बसलात?"

ड्रायव्हर ओशाळला. "मला वाटलं, नाटकवाल्यांचे शेवट तुम्हाला आवडत नाहीत. आपण करतो तेच आवडतात."

मावशींना आधी राग आला, मग हसू फुटलं आणि मग इतकं हलकं वाटलं की त्या तिथेच कठड्यावर बसल्या. ट्रक डोक्यातून गेले. दुसऱ्या अंकाला त्यांनी चपला काढून खुर्चीखाली ढकलल्या.

सव्वाआठला लेक आली. दार उघडून तिला एवढंच म्हणायचं होतं, "उशीर झाला का मला?" दार उघडता उघडता तिने शेवटच्या रांगेतल्या कडेच्या खुर्चीकडे पाहिलं, आणि वाक्य क्षणभर मागेच राहिलं. लोकांना वाटलं, काय सुंदर थांबली पोरगी! मावशींना डोळ्यांतलं पाणी पुसायचंही सुचलं नाही.

पडदा पडल्यावर मागच्या दाराशी लेक धावत आली. चेहऱ्यावर अर्धा रंग तसाच. "आई, बस गेली ना तुझी!"

"दुसरी आहे," मावशी थाटात म्हणाल्या. मग राहवेना. "लहानपणी तुला सगळे शेवट खोटेच सांगितले गं मी."

"माहितीय. नाटक साडेआठला संपायचं आणि तू सव्वाआठला दारात असायचीस. घड्याळ कळत होतं मला."

"मग बोलली का नाहीस?"

"आवडायचे मला." लेकीने त्यांचा हात धरला. "आज फक्त भीती वाटत होती. माझाही शेवट तू बसमध्येच करशील याची."

डेपोच्या गाडीने दिवे लावले. लेकीला मंडळीबरोबर रात्रीच पुढच्या गावी निघायचं होतं. मावशी झाडूवाल्यांच्या घोळक्यात, खिडकीपाशी बसल्या. टेकडी उतरताना शेजारच्या बाईने सहज विचारलं, "कसा होता हो शेवट? आम्ही तेव्हा मागे आवरत असतो, कधी बघायला मिळत नाही."

"सांगते ना," मावशी सरसावून बसल्या, "हा मी पाहिलाय."